वणीकडच्या डोंगरपायथ्याची छोटी वायनरी: पाटाचा रस्ता, टॅक्सीचं बिल आणि वरचा प्लॉट

आधी रस्त्याचं लिहितो, कारण फोनवर कुणी खरं सांगत नाही. बुकिंग घेणारा माणूस मला म्हणाला, "सर हायवेपासून दहा मिनिटं, गाडी थेट दारात येते, लहान मुलं-म्हातारी माणसं सगळे येतात." डांबर गावाच्या वेशीपर्यंत आहे हे खरं. वेशीनंतर मॅप उजवीकडे पाटाच्या कडेने वळवतो, आणि तिथून पुढे जे काही आहे त्याला रस्ता म्हणणाऱ्या माणसाने एकदा तरी स्वतःची गाडी त्याच्यावरून न्यावी. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्यात आणि मधला उंचवटा इतका आहे की सेडानचं पोट घासतंच, कशीही चालवा. डावीकडे पाट, त्याला कठडा नाही, उजवीकडे द्राक्षबागेचं तारेचं कुंपण. समोरून क्रेट भरलेली पिकअप आली की कुणीतरी रिव्हर्स घ्यायचा, आणि माल भरलेला माणूस रिव्हर्स घेत नाही, म्हणजे तुम्हीच. आम्ही तिघं होतो, दोघं उतरून चालायला लागलो आणि चालणारे गाडीच्या बरेच आधी पोचले.

त्यात पाटाला आवर्तन सुटलेलं होतं. पाणी सुटलं की मोऱ्यांतून पाझरून वळणावर चिखल होतो, आणि फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत चिखल असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? तेव्हा निघण्याआधी फोन करून "रस्ता कसा आहे" विचारू नका, "चांगला आहे" हेच उत्तर मिळतं. "पाटाला पाणी सुटलंय का" असं विचारा, त्याचं उत्तर खरं देतात. आणि दुसरं म्हणजे त्या वळणाला मॅपचं ऐकूच नका. गावात शिरून मारुतीच्या देवळामागून शिवाराचा एक रस्ता वर जातो, खडीचा आहे, लांब पडतो, पण कोरडा आहे आणि दोन गाड्या बाजूने जातात. परतताना कामावरच्या एका दादांनी दाखवला. येतानाच कुणी सांगितला असता तर अर्धी सकाळ वाचली असती.

वायनरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लहान धंदा आहे, वाईन चांगली आहे, आणि माझा राग बुकिंगवर आणि टॅक्सीवर आहे, वाईन करणाऱ्यांवर नाही. जागा दिंडोरी तालुक्यात, सप्तशृंगीच्या रांगेच्या पायथ्याकडे. नाशिकहून दिंडोरी, मग वणीचा रस्ता, ओझरखेड धरणाचं पाणी दिसलं की बरोबर चाललोय असं समजा. डोंगराला लागून असलेल्या कुठल्याही लहान वायनरीला जाणार असाल तर यातलं निम्मं तरी तुमच्या कामाला येईल.

आता टॅक्सी. स्वतःची गाडी घेऊन कुणीतरी एकाने न पिणं हा सगळ्यात साधा मार्ग, आणि रक्तात 100 मिलीलिटरला 30 मिलीग्रॅम अल्कोहोलची जी कायद्याची मर्यादा आहे ती तीन-चार ग्लासांच्या टेस्टिंगमध्ये सहज ओलांडली जाऊ शकते, त्यामुळे यात थोडंसंच घेतो वगैरे चालणार नाही. आम्हाला तिघांनाही प्यायची होती म्हणून नाशिकरोडहून टॅक्सी केली. ठरले 2,400, जाऊन-येऊन, थांबण्यासकट. परत येताना दिंडोरीच्या पुढे आल्यावर सूर बदलला: आतला कच्चा रस्ता वेगळा, वेटिंग वेगळं, गाडी धुवायचे वेगळे, एकूण 3,900. अंधार पडत आलेला, ट्रेनची वेळ झालेली, सामान डिकीत. घासाघीस करून 3,300 दिले आणि अजून चीड जात नाही. तुम्ही काय करा, व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: गावाचं नाव, "कच्च्या रस्त्यासकट", "सहा तास थांबणे धरून", आणि एकूण आकडा. तोंडी ठरवलेल्याला या पट्ट्यात काही किंमत नाही. अॅपवरची कॅब जाताना मिळते, येताना तिथे मिळत नाही, रेंजच नसते. एसटीने वणीला उतरून पुढे रिक्षा हा पर्याय आहे, पण रिक्षावाल्याला संध्याकाळी परत यायला आधीच सांगून ठेवावं लागतं. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात या वाटेला जाऊच नका, सप्तशृंगी गडाची गर्दी आणि पायी जाणारे भाविक रस्ताभर असतात, त्यांना गाडीचा त्रास देऊन वाईन प्यायला जायची गरज नाही.



आता ज्यासाठी गेलो ते. पॅकेजमध्ये "व्हिनयार्ड वॉक" लिहिलंय. प्रत्यक्षात गेटपासून टेस्टिंगच्या हॉलपर्यंत जो सपाट प्लॉट आहे त्याच्या दोन ओळींतून फिरवतात, फोटो काढायला एक झोपाळा बांधलाय, संपलं. याच्यासाठी माणशी 900 घेणं मला पटलं नाही आणि तसं तोंडावर सांगितलं. सपाट शेतातली द्राक्षं तर पिंपळगाव-निफाडला रस्त्यावरून फुकट दिसतात. या जागेची सगळी गंमत वर आहे, डोंगराच्या पायथ्याला लागलेल्या प्लॉटमध्ये, आणि तिथे कुणी आपणहून नेत नाही. मागावं लागतं. "वरचा प्लॉट बघायचाय, चालत जाऊ" म्हटलं की आधी टाळतात, ऊन आहे, चढ आहे, मॅडमना जमणार नाही. हट्ट धरा. एक मावशी खुडणीचे क्रेट घेऊन खाली येत होत्या, सुरगाण्याकडून हंगामाला येतात, त्या म्हणाल्या, "वर चालले का? चप्पल नका घालू, मुरूम घसरतो." नेमका सल्ला. मुरुमाची वाट सुटी आहे, चढताना काही नाही पण उतरताना पाय सरकतो. किल्ल्यांवर वापरता ते बूट घाला, टोपी आणि पाणी घ्या. अर्ध्या तासाची चढण आहे, सवय असलेल्याला विशेष काही नाही.

वर शेततळं खणलंय आणि त्याच्या कापलेल्या काठात सगळं उघडं दिसतं. वर वीतभर लालसर माती, तिच्याखाली पिवळट-तपकिरी मुरूम, हाताने फुटणारा, आणि त्याच्याखाली काळा पाषाण. मुरूम म्हणजे हाच पाषाण झिजून भुगा झालेला, आणि हा लाव्हाचा दगड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. पाणी त्यात थांबत नाही. खालच्या काळ्या जमिनीत वेल भरपूर पाणी पिऊन माजतो, पानंच पानं, मणी मोठा. वर वेलाला पुरेसं मिळतच नाही, ठिबकने मोजून द्यायचं, मग घड लहान, मणी लहान, साल जाड, आणि रेड वाईनचा रंग नि तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो हे लक्षात घेतलं की पुढचं सगळं उलगडतं.

आणखी एक गोष्ट वर उभं राहिल्यावरच कळली. ही बाजू पूर्वेला तोंड करून आहे. सकाळचं ऊन लवकर लागतं, दव लवकर सुकतं, म्हणून डावणी या बुरशीचा त्रास खालच्यापेक्षा कमी. आणि दुपार कलली की सूर्य डोंगराआड जातो, खालचे प्लॉट तापत असतात तेव्हा इथे सावली आलेली असते. आम्ही वर होतो तेव्हा ती सावली ओळींवरून खाली सरकत आली, पंधरा मिनिटांत हवा बदलली, घाम थांबला. दुपारचा तो ताप वाचतो म्हणून मण्यातला आंबटपणा टिकतो. आपल्याकडे साखर भरण्याची अडचण नाही, ऊन मुबलक आहे, अडचण आंबटपणा टिकवायची आहे, आणि ते काम इथे डोंगर करतो.

दोन्ही प्लॉटला शिराज आहे, रेड वाईनचं द्राक्ष. परवानगी घेऊन दोन्हीकडचा एकेक मणी खाल्ला (विचारल्याशिवाय तोडू नका, फवारणी कधी झालीय ते आपल्याला माहीत नसतं). वाईनच्या द्राक्षाला बी असते, ती चावून बघा. खालच्या मण्याची बी हिरवट, चिवट, कडू लागली. वरच्याची तपकिरी आणि कडक, दाताखाली कुटकन फुटली. बोटांना लागलेला जांभळा रंग साबणाने गेला नाही. कामावरच्या दादांनी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला, म्हणजे रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजायचं यंत्र, रसाचा थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरला, वरचा 23 ब्रिक्सच्या पुढे, खालचा 20 च्याही आत. म्हणाले, "वरचं परवा पहाटे खुडायचं. खालच्याला अजून वेळ आहे, नि वेळ देऊन पण ते वरच्यावानी होत नाही." पहाटे खुडतात कारण द्राक्ष गार असतं, उन्हात खुडलेला माल वायनरीत पोचेपर्यंत आंबायला लागतो.

त्यांच्याकडूनच बाकीचं कळलं. 2000 नंतर, राज्याचं 2001 चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आल्यावर, या भागात बऱ्याच जणांनी वाईनची द्राक्षं लावली. मग 2008-09 च्या मंदीत मागणी पडली, कितीतरी जणांनी वेल उपटून परत खायची द्राक्षं लावली. या वायनरीवाल्यांनी खालचे बरेच प्लॉट उपटले, थॉमसन ही खायची जात लावली, वरचा ठेवला, कारण तिथे थॉमसन पोसतच नाही. जी जमीन खायच्या द्राक्षाला निकामी ठरली तिच्यावर आज वायनरीचं नाव चाललंय. हे ऐकून मी खरंच खूश झालो आणि 900 रुपयांचा राग थोडा उतरला. पूर्ण नाही.

टेस्टिंगबद्दल थोडक्यात. हॉलमध्ये पाच वाईन देतात त्यातल्या दोन गोडसर आहेत, पाहुण्यांना आवडतात म्हणून ठेवल्यात, त्यांच्यावर पोट आणि डोकं खर्च करू नका. शेनिन ब्लां ही व्हाईट वाईन स्वच्छ आहे, गार प्यायला छान, पण तशी नाशिकला इतर ठिकाणीही मिळते. टाक्यांच्या शेडमध्ये न्यायला सांगा. तिथे मागच्या हंगामाची शिराज दोन वेगळ्या टाक्यांत होती, खालची आणि वरची, आणि नळातून थेट ग्लासात दिली. खालची पातळ, फळाचा वास, मागे काही उरत नाही. वरची गडद, मिरीचा वास, आणि घोट गेल्यावर हिरड्यांना चिमटा बसतो. एकाच घराची, एकाच जातीची, एकाच हंगामाची द्राक्षं, फरक फक्त त्या चढणीचा. मी बऱ्याच वायनऱ्या फिरलोय, "टेरुआर" (जमीन-हवेचा वाईनच्या चवीवर उतरणारा ठसा) हा शब्द प्रत्येक ब्रोशरमध्ये वाचलाय, पण ग्लासात असा समोर ठेवलेला पहिल्यांदा बघितला. वरचा प्लॉट न बघता, टाकी न चाखता, नुसतं हॉलमध्ये बसून येणार असाल तर जाऊच नका, मुंबई-पुण्यात दुकानातून बाटली आणा.

जेवणाची सक्ती आहे हे बुकिंगला सांगत नाहीत. शनिवार-रविवारी पास्ता-पिझ्झाचं "कॉम्बो" बिलात लावतात. शुक्रवारी किंवा मधल्या वारी जा, सक्ती नसते, आणि आधी सांगितलं तर कामगारांसाठी होणाऱ्या स्वयंपाकातून भाकरी, पिठलं, ठेचा मिळतो, तो त्या पास्त्यापेक्षा शंभरपट बरा. वाईनसाठी 21 वर्षं पूर्ण असावी लागतात, ओळखपत्र मागतात. ड्राय डे बघून जा, 26 जानेवारीची जोडून सुट्टी पकडून जाल तर बाग दिसेल पण ग्लास मिळणार नाही. पैसे रोख न्या, रेंज नसल्याने क्यूआर चालेलच असं नाही.

बाटल्या घेणार असाल तर वरच्या प्लॉटची कुठली हे लेबलवर लिहिलेलं नसतं, रिझर्व्ह म्हणून विकतात ती बहुतेक मिश्रण आहे, विचारून घ्या आणि विचारताना प्लॉट बघून आलोय हे सांगा, मग आतून वेगळी बाटली काढतात. थर्माकोलचा डबा बरोबर न्या, डिकीत दुपारभर तापलेली बाटली घरी जाऊन उघडाल तर शिजवलेल्या जांभळाचा वास येईल.

केव्हा जायचं? जानेवारी अखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा, खुडणी चालू असताना. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे खुडणीनंतरची छाटणी, झाली की ओळींत वेलाचे नुसते ओलांडे (आडव्या जाड फांद्या) आणि काड्यांचे ढीग, वर चढून बघायला काही नाही आणि उन्हाने हाल होतात. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो, फोटो भारी येतात, पण मुरुमाची वाट वाहून गेलेली असते आणि वेलाला घड नसतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (घड येण्यासाठी करतात ती) महिनाभर तर मालकांना भेटायलाच वेळ नसतो, अवकाळीच्या भीतीने सगळे आभाळाकडे डोळे लावून फवारणीत असतात, त्यांना त्या दिवसांत त्रास देऊ नका. फोन करायचा तर दुपारी एक ते तीन, आणि बुकिंगच्या नंबरवर नको, वायनरीवर कामाला असलेल्या माणसाचा नंबर मागून घ्या.