पाऱ्याचा करार आणि मुशीतली वाफ

हवेत गेलेल्या पाऱ्याला सीमा नसते. त्याची वाफ काही महिने, कधी वर्षभरही वातावरणात फिरते आणि मग पावसाबरोबर खाली येते. तळ्यांच्या आणि समुद्राच्या गाळात, जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो, तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे शरीरात साठणारं विषारी संयुग, करतात. पुढे शेवाळातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्या माशात त्याचं प्रमाण वाढतच जातं. म्हणून तर कारखान्यांपासून हजारो किलोमीटर दूर, आर्क्टिकमध्ये राहणाऱ्या लोकांच्या रक्तातही पारा सापडतो. एकट्यादुकट्या देशाने कडक कायदा करून हा प्रश्न सुटणार नाही.

पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार आला तो यासाठीच. जपानमधल्या मिनामाता खाडीत एका रासायनिक कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात पाऱ्याचं सांडपाणी सोडलं. १९५६ साली त्या पाऱ्याने होणाऱ्या आजाराची अधिकृत नोंद झाली, तरी ते पाणी आणखी बारा वर्षं वाहत राहिलं. त्या गावाचं नाव घेतलेला करार २०१३ साली जपानमधल्याच कुमामोतो शहरात मंजूर झाला आणि १६ ऑगस्ट २०१७ला लागू झाला. आज त्यात सुमारे दीडशे देश आहेत.

करार जिथे ठरावीक वर्ष लिहितो तिथे काम होतं. पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबमापक यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायला २०२० ही मुदत होती, पाऱ्यावर चालणाऱ्या क्लोर-अल्कली (क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या) कारखान्यांना २०२५. गोरं करणाऱ्या क्रीममध्ये आधी दशलक्षात एक भागापर्यंत पारा चालायचा. २०२३च्या बैठकीत ती सूटही काढली आणि २०२५ची मुदत घातली. (डबीवर ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ किंवा ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ असं लिहिलेलं दिसलं, तर ती क्रीम वापरू नका.)

पण सगळ्यात मोठी गळती वेगळीच आहे. २०१५ साली माणसाच्या उद्योगांतून सुमारे २,२०० टन पारा हवेत गेला. त्यातला ३८ टक्के छोट्या सोनेखाणींमधून होता. तिथे खनिजात पारा मिसळतात, तो सोन्याच्या कणांना धरून त्यांचा गोळा करतो आणि गोळा तापवून पारा उडवला की सोनं उरतं. कोळसा जाळून जेवढा गेला, त्याहून हे कितीतरी जास्त. आणि नेमक्या याच ठिकाणी, कराराच्या ७व्या कलमात, वापर थांबवायचं वर्षही नाही आणि टनांची मर्यादाही नाही. ज्या देशात असं खाणकाम लक्षणीय आहे, त्याने ते कमी करायला पावलं उचलायची आणि राष्ट्रीय कृती आराखडा करायचा, एवढंच.

आराखड्यात बंद करायच्या चार गोष्टी मात्र अचूक नेमल्या आहेत. सगळ्या खनिजात पारा मिसळणं, गोळा उघड्यावर जाळणं, वस्तीत जाळणं आणि पारा मिसळलेल्या गाळावर पारा न काढता, उरलेलं सोनं विरघळवायला सायनाइड वापरणं. पहिलीपासूनच सुरुवात करायला हवी. चक्कीत खनिजाबरोबर पारा ओतला की दळताना त्याचे बारीक थेंब होतात, ते सोन्याला न चिकटता गाळाबरोबर वाहून जातात. एक ग्रॅम सोन्यामागे कित्येक ग्रॅम पारा असाच वाया जातो. आधी पन्हळीवर किंवा हलत्या टेबलावर जड कण वेगळे केले, तर पारा लागतो तो त्या मूठभर कणांपुरता.

मग तो गोळा. फडक्यातून पिळून घेतला तरी त्यात जवळजवळ निम्मा पाराच असतो. पारा ३५७ अंशांना उकळतो, त्यामुळे साध्या चुलीवरही काम होतं आणि वाफ आजूबाजूच्या पोराबाळांच्या श्वासात जाते. श्वासातल्या या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात राहतो आणि त्यातला काही मेंदूपर्यंत पोचतो. तोंडाला फडकं किंवा धुळीचा मास्क बांधून ती अडत नाही.

याला उपाय म्हणजे रिटॉर्ट: घट्ट झाकणाची लोखंडी मूस, झाकणातून वर जाऊन खाली वळणारी नळी, नळीवर ओलं फडकं. वाफ नळीत थंड होते आणि पारा थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात पडतो. नीट वापरला तर ९० टक्क्यांहून जास्त पारा परत मिळतो. चुका मात्र नेहमीच्याच होतात. झाकणाच्या फटीला ओली माती लावली नाही, तर वाफ तिथूनच निसटते. नळीचं टोक पाण्यात बुडवलं, तर आच कमी होताच पाणी तापलेल्या मुशीत ओढलं जातं आणि स्फोट होतो. म्हणून टोक पाण्याच्या वर ठेवायचं. मूस पूर्ण गार होण्याआधी उघडली, तर उरलेली वाफ थेट चेहऱ्यावर येते.

वाटलेले रिटॉर्ट पडून राहतात, त्यालाही कारणं आहेत. बंद मुशीत सोन्याचं काय होतंय ते दिसत नाही आणि भागीदार एकमेकांवर संशय घेतात. लोखंडाला लागून सोनं काळपट निघालं की खरेदीदार भाव पाडतो. काचेचे रिटॉर्ट आले ते म्हणूनच. जागतिक पर्यावरण निधीच्या पैशातून २०१९पासून चाललेला प्लॅनेटगोल्ड कार्यक्रम पारामुक्त यंत्रांबरोबर कर्ज आणि कायदेशीर विक्रीची सोयही बघतो, ते मला म्हणूनच योग्य वाटतं. नुसती उपकरणं वाटून काही बदलत नाही.

रिटॉर्टमधून निघालेल्या सोन्यातही साधारण पाच टक्के पारा उरतो. तो निघतो बाजारपेठेतल्या सोनं विकत घेणाऱ्या दुकानात, जिथे ते हजार अंशांच्या वर वितळवतात आणि धुराडं शेजारच्या घराच्या खिडकीसमोर उघडतं. तिथे वाफ थंड करून अडवणारी पेटी आणि पुढे गंधक लावलेल्या कोळशाची गाळणी बसवणं हे खाणीतल्या रिटॉर्टइतकंच आवश्यक आहे.