‘नाही’ वेगळं, ‘अजून कळलं नाही’ वेगळं : आमची वाटचाल

आमची कंपनी लहान आहे आणि आमचं काम एका वाक्यात सांगता येतं: लोक वेबपत्ते देतात, त्या पत्त्यांवर जे काही असेल ते आम्ही आणून देतो. कुणाला आपल्या ग्रंथसूचीतले दुवे अजून चालू आहेत का हे हवं असतं, कुणाला सार्वजनिक आकडेवारीच्या फाइली रोज आपल्या डेटाबेसमध्ये हव्या असतात, कुणाला भागीदारांच्या एपीआयशी, म्हणजे प्रोग्रामने प्रोग्रामशी बोलायच्या दाराशी, देवाणघेवाण करायची असते. नवीन माणूस हमखास विचारतो, यासाठी कंपनी कशाला, पायथनमध्ये हे दोन ओळींचं काम आहे. खरं आहे. समोरचा सर्व्हर जागेवर असेल आणि मधलं नेटवर्क धड असेल, तर दोन ओळी पुरतात. आम्हाला पैसे मिळतात ते एरवीच्या वेळेसाठी.

सुरुवात दुवे तपासण्यापासून झाली. मी आणि माझा भागीदार, दोघेही तोवर नोकरीत प्रोग्रामर होतो. एका प्रकाशनसंस्थेकडे आधीच्या पुरवठादाराने दिलेली तपासणीची यादी होती. त्यात दोनच रकाने होते, ‘चालू’ आणि ‘बंद’. तिथल्या संपादकबाई म्हणाल्या, “बंद म्हणून दिलेले कितीतरी दुवे मी उघडले की उघडतात. मग यादीवर विश्वास ठेवायचा तरी कसा?” आम्ही तो ‘बंद’ रकाना उसवून पाहिला. सर्व्हरने स्पष्ट ४०४ म्हणजे ‘सापडलं नाही’ असा कोड दिलेली पानं त्यात होतीच. पण त्यांच्याच शेजारी ५०३ म्हणजे ‘सध्या सेवा देता येत नाही’ असं सांगणारे सर्व्हर होते, ४२९ म्हणजे ‘फार वेगाने विचारताय’ असं बजावणारे होते, सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली संकेतस्थळं होती आणि ठरलेला वेळ थांबूनही उत्तर न आलेले, म्हणजे नुसतेच टाइमआउट झालेले पत्तेही होते. यातल्या निम्म्या प्रकारांना ‘बंद’ म्हणण्याचा कुणालाच अधिकार नव्हता.

त्या दिवसापासून आमच्याकडे उत्तरं तीन आहेत: मिळालं, नाही, आणि अजून कळलं नाही. पुढे कंपनीत जे काही उभं राहिलं ते या तिसऱ्या उत्तराला हक्काची जागा देण्यासाठी.

ही वाटणी वाटते तितकी सरळ नसते. एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवरच्या मागणी-उत्तराच्या नियमांच्या, प्रमाणकात ४१० चा अर्थ ‘होतं, आता कायमचं गेलं असावं’ असा आहे, पण ४०४ मध्ये कायमचं की तात्पुरतं याबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. म्हणून ४१० आम्ही लगेच ‘नाही’ धरतो आणि ४०४ वेगवेगळ्या दिवशी पुन्हा विचारून मगच. नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसमध्येही तसंच आहे. ‘असं नावच अस्तित्वात नाही’ हे ठाम उत्तर, तर ‘नावाचा शोध घेताना सर्व्हर अडखळला’ हे नुसतं लांबलेलं उत्तर. बहुतेक लायब्रऱ्या (प्रोग्राममध्ये वापरायचे तयार कोडचे संच) या दोन्हींना एकाच कनेक्शन एररच्या पोत्यात घालतात. ते पोतं सोडून आतलं कारण वाचणं कंटाळवाणं काम आहे, पण तेच केलं नाही तर पुढचा प्रत्येक निर्णय अंदाजाने होतो.

दुव्यांमागोमाग फाइली आणायची कामं आली आणि टाइमआउटशी खरी ओळख झाली. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी आपण सांगितल्याशिवाय टाइमआउट लावत नाही. गो भाषेतल्या साध्या एचटीटीपी क्लायंटचंही तेच. समोरचा गप्प बसला तर आपला प्रोग्रामही त्याच्याबरोबर बसून राहतो, आणि लॉगमध्ये एरर नसल्यामुळे सगळं सुरळीत वाटतं.

पण टाइमआउट लावला म्हणजे भागलं असंही नाही. एका ग्राहकाचं रात्रीचं काम अधूनमधून सकाळपर्यंत लटकायचं. कोडमध्ये दहा सेकंदांचा टाइमआउट व्यवस्थित लिहिलेला होता, एरर एकही नव्हती. आम्ही टीसीपीडंप हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन लावून त्या कनेक्शनवर नुसतं बघत बसलो. कनेक्शन जोडलं गेलं, हेडर (मजकुराआधीच्या माहितीच्या ओळी) आले, मग फाइलचा पहिला तुकडा आला. त्यानंतर दर काही सेकंदांनी थोडे थोडे बाइट येत राहिले, अगदी ठिबकत. रिक्वेस्ट्समधला रीड टाइमआउट हा पूर्ण उत्तराचा नसतो, दोन बाइटांमधल्या शांततेचा असतो. नवे बाइट आले की घड्याळ पुन्हा शून्यावर. असा सर्व्हर दहा सेकंदांची मर्यादा एकदाही न मोडता तुम्हाला तासन्‌तास धरून ठेवू शकतो. जोडणी होईपर्यंतच्या कनेक्ट टाइमआउटचीही गंमत अशी, की एका नावामागे अनेक आयपी (यंत्रांचे आकडी पत्ते) असले तर तो प्रत्येक आयपीला वेगळा लागू होतो, आणि नाव शोधायला लागणारा वेळ त्यात धरलेलाच नसतो.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक पत्त्याला एकूण मुदत असते. फाइल तुकड्यातुकड्याने वाचायची, प्रत्येक तुकड्यानंतर घड्याळ बघायचं, मुदत संपली की कनेक्शन तोडून ‘अजून कळलं नाही’ अशी नोंद करायची. त्याच वळणावर आकाराचीही कमाल मर्यादा तपासायची. कोड म्हणून यात काही विशेष नाही, पण त्या ग्राहकाचं काम तेव्हापासून वेळेत संपतं.

रिट्राय हा शब्द ग्राहकाच्या तोंडी सर्वांत आधी येतो. “फेल झालं की पुन्हा मारा ना!” पुन्हा विचारायचंच, पण केव्हा आणि किती, यात सगळं आहे. धापा टाकणाऱ्या सर्व्हरला सगळ्या क्लायंटनी त्याच क्षणी पुन्हा विचारलं तर तो उठता उठता परत कोसळतो. यावरचा उपाय वेबपेक्षा जुना आहे. झेरॉक्स पार्कमध्ये १९७३ साली ज्याची सुरुवात झाली त्या इथरनेटमध्ये दोन यंत्रं एकाच वेळी बोलली की दोघंही थांबायची, आणि थांबायचा वेळ यादृच्छिक निवडायची. पुन्हा टक्कर झाली की निवडीची कक्षा दुप्पट व्हायची. पुढे आलेल्या प्रमाणकात ही दुप्पट दहाव्या वेळेनंतर थांबते आणि सोळा प्रयत्नांनंतर यंत्र प्रयत्न सोडून वर कळवतं. त्यात बॅकऑफही (थांबा वाढवत नेणं) आहे, जिटरही (थांब्यातला यादृच्छिकपणा) आहे आणि हार मानण्याची मर्यादाही. आजच्या कोडमध्ये बॅकऑफ बहुतेकांना आठवतो, जिटर काहींना, मर्यादा फार थोड्यांना.

जिटरवर आमचा फार भर आहे. पत्ते आणणाऱ्या सगळ्या प्रक्रिया (एकाच वेळी चालणारे प्रोग्राम) एक, दोन, चार, आठ सेकंद असं शिस्तीत थांबल्या, तर त्या एकत्रच परततात आणि गर्दी तशीच राहते, फक्त जरा उशिरा येते. म्हणून थांबायचा वेळ आम्ही शून्य ते ठरलेली कमाल यांमध्ये कुठेही निवडतो. सर्व्हरने रिट्राय-आफ्टर हेडर दिला असेल तर मात्र आमचं गणित बाजूला, त्याचा शब्द पाळायचा. हा हेडर कधी सेकंदांत येतो, कधी तारीख-वेळ म्हणून. दोन्ही वाचता आले पाहिजेत. फक्त सेकंद वाचणारा कोड तारीख आली की अडखळतो, आणि तेही नेमकं समोरचा अडचणीत असतानाच.

दुसरी गोष्ट थरांची. लायब्ररी तीनदा प्रयत्न करते, तिच्यावरचं आपलं फंक्शन तीनदा, त्यावरचा जॉब शेड्युलर (कामं वेळेवर सुरू करणारा प्रोग्राम) तीनदा. एका पत्त्यासाठी सत्तावीस विनंत्या झाल्या आणि प्रत्येक थराला वाटतं आपण तर तीनदाच विचारलं. आमचा नियम आहे की रिट्राय एकाच थरात, बाकीच्यांनी एरर गुपचूप वर द्यायची. नवीन काम हाती घेताना आधीचा कोड मिळाला तर आम्ही सर्वांत आधी हे थर शोधतो.

एपीआयची कामं आल्यावर ‘अजून कळलं नाही’ला वेगळीच धार आली. पान आणताना टाइमआउट झाला तर पुन्हा आणता येतं, बिघडत काही नाही. ऑर्डर पाठवताना टाइमआउट झाला तर? विनंती पोचलीच नसेल, किंवा पोचून ऑर्डर नोंदली गेली असेल आणि उत्तर वाटेत हरवलं असेल. आपल्या बाजूने दोन्ही सारखंच दिसतं. प्रमाणकानुसार गेट, हेड, पुट, डिलीट या विनंतीच्या पद्धती पुन्हा वापरल्या तरी परिणाम एकदाच केल्यासारखा राहायला हवा. ऑर्डर पाठवायला सहसा वापरतात त्या पोस्टला ती हमी नाही, आणि युआरएललिब३ या पायथन लायब्ररीमधला रिट्राय म्हणूनच, विनंती पोचली असण्याची शक्यता असेल तर, मुळात पोस्टला हात लावत नाही. तिथे यादी वाढवून पोस्ट घुसवणारा कोड दिसला की आम्ही काम थांबवून आधी त्यावर बोलतो. समोरचा एपीआय आयडेम्पोटन्सी की (एकच ऑर्डर दोनदा नोंदली जाऊ नये म्हणून पाठवायची खूण) स्वीकारत असेल तर ती पहिल्या प्रयत्नाआधीच तयार करून डेटाबेसमध्ये लिहायची आणि प्रत्येक प्रयत्नात तीच पाठवायची. स्वीकारत नसेल तर ऑर्डर गेली का हे आधी विचारून घ्यायचं आणि मगच पुढचं पाऊल.

‘मिळालं’ हेही तपासून घ्यावं लागतं. २०० म्हणजे ‘ठीक’ या कोडसोबत ‘हे पान सापडलं नाही’ असा मजकूर देणारी संकेतस्थळं भरपूर आहेत. सीएसव्ही (रकान्यांची साधी फाइल) मागितली आणि लॉगिनचं पान आलं, असंही होतं. कंटेंट-टाइप (मजकुराचा प्रकार) बघणं, आलेल्या बाइटांची कंटेंट-लेंग्थशी (सांगितलेल्या लांबीशी) तुलना करणं, फाइलच्या पहिल्या ओळीत अपेक्षित रकाने आहेत का पाहणं, एवढं झाल्याशिवाय आम्ही जुन्या फाइलवर नवी लिहीत नाही. आधी तात्पुरत्या नावाने उतरवायची, तपासायची, मग नाव बदलायचं.

माणसं घेताना आमची परीक्षा एवढीच असते: एक पत्ता आणणारा प्रोग्राम लिही. भाषा कुठलीही चालते. चार ओळी लिहून झाल्या की गप्पा सुरू. जावास्क्रिप्टमधला फेच (पत्ता आणायचं फंक्शन) ४०४ आला तरी एरर फेकत नाही, हे माहीत आहे का? कर्ल हे पत्ता आणायचं साधन ४०४ वरही यशाचा कोड परत देतं, त्याला वेगळा पर्याय द्यावा लागतो, हे? माहीत नसलं तरी हरकत नाही. ऐकल्यावर जो लगेच आपल्या कोडकडे परत वळतो, त्याला आम्ही घेतो. आज टीममध्ये जी मुलगी रिट्रायचं सगळं बघते तिने मुलाखतीत उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त विचारले होते.

समोरच्या सर्व्हरचा मान ठेवणं आम्हाला पहिल्यापासून महत्त्वाचं वाटतं. एका होस्टला एका वेळी मोजक्याच विनंत्या, युजर-एजंट या ओळख देणाऱ्या हेडरमध्ये आमचा संपर्क, आणि ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) पाठवून ३०४ म्हणजे ‘बदल नाही’ असा कोड मिळाला तर फाइल पुन्हा उतरवायचीच नाही. आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामांनी कुठे येऊ नये हे सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलची प्रथा १९९४ पासूनची, पण त्याचं औपचारिक प्रमाणक २०२२ मध्ये आलं. ते वाचताना मला मनापासून आनंद झाला. त्यात म्हटलंय, की ही फाइल मागितल्यावर ४०० च्या घरातला कोड आला तर फाइल नाही असं समजून पुढे जाता येतं. पण ५०० च्या घरातला आला तर संपूर्ण मनाई आहे असंच धरून चालायचं. म्हणजे सर्व्हरने ‘नाही’ म्हटलं तर मोकळीक, आणि काही कळलंच नाही तर दारातच थांबायचं. आमच्या तीन रकान्यांच्या यादीमागचा विचार तिथे नियम म्हणून लिहिलेला होता.

त्या प्रकाशनसंस्थेचं काम आजही आमच्याकडे आहे. संपादकबाई तिसरा रकाना आधी उघडतात, कारण प्रत्येक पत्त्यापुढे किती वेळा, केव्हा विचारलं आणि दर वेळी काय झालं याची नोंद असते, आणि कुठल्या दुव्यासाठी लेखकाला पत्र पाठवायचं हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.

सध्या आम्ही एचटीटीपीच्या नव्या आवृत्तीवर, एचटीटीपी/३ वर, काम करतोय. तो टीसीपी या जुन्या वाहतूक पद्धतीऐवजी यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर बांधलेल्या क्विकवर चालतो, आणि काही नेटवर्कांच्या फायरवॉलमध्ये यूडीपी अडवलेला असतो. तिथे विनंती नुसती हवेत विरते, नकारही येत नाही. अशा वेळी किती थांबून जुन्या मार्गाने विचारायचं, आणि तो थांबा एकूण मुदतीतून कसा कापायचा, यावर टीममध्ये जोरात वाद चालू आहेत. माझं मत छोट्या थांब्याच्या बाजूने आहे, भागीदाराचं दोन्ही मार्ग थोड्या अंतराने सोबत चालवण्याच्या. चाचण्या दोन्हींच्या लावल्या आहेत.