गणपतीला कातर कशी लावायची?

आमच्या म्हापशाच्या घरात एक खण होता, त्यातलं काहीच टाकता येत नसे. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, जत्रेची पत्रकं. प्रत्येकावर कुठे ना कुठे गणपती, नाहीतर कुलदेवता. आता देव केरात कसा टाकायचा? दोन वर्षांपूर्वी चवथीआधीच्या साफसफाईत तो खण मी रिकामा करायला घेतला आणि माझी कोलाजची, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रांची, वही तिथून सुरू झाली.

सुरू झाली म्हणजे वही विकत आणली. कापायला हात धजेना. पहिले तीन आठवडे मी नुसते कागद लावत बसले. लाल इकडे, सोनेरी तिकडे, हळदीचा डाग पडलेले वेगळे. यात इतकं सुख आहे की चिकटवायची वेळ आलीच नाही तरी माणसाला कळू नये. शेवटी एका पत्रिकेची सोनेरी किनार कापायला घेतली तर मागे सासूबाई उभ्या. "देवाक कातर लायता गो तूं?"

देवाला नाही हो, वेलबुट्टीला, असं मी म्हटलं खरं, पण कातरीचं टोक सोंडेपासून बोटभरच लांब होतं. मग तह झाला. आधी गणपती अख्खा, भोवती मोकळी जागा सोडून काढायचा आणि पाकिटात ठेवायचा. उरलेली पत्रिका माझी.

रोज एक पान करायचं ठरवलं होतं. 11 दिवस चाललं. रोज रात्री कागद शोधा, कापा, मांडा, गोंद काढा. दीड तास जायचा आणि सकाळच्या डब्यांसाठी तेच टेबल पुन्हा पुसून द्यायचं. कंटाळा चित्रांचा नव्हताच, मांडामांडीचा होता. मग कामाची फोड केली. रविवारी दुपारी फक्त कापायचं आणि तुकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणं झाल्यावर फक्त चिकटवायचं. डब्यातलेच तुकडे, जास्तीत जास्त पाच, वेळ अर्धा तास. शुक्रवार अशासाठी की त्या दिवशी म्हापशाचा बाजार, घरात पुड्यांचे ताजे कागद येतात. पान बिघडलं तरी फाडायचं नाही, तारीख घालून पुढे जायचं. बिघडलेली पानं भरपूर आहेत. बोडगेश्वराच्या जत्रेतल्या खाज्याचा कागद मी हौसेने लावला, तर त्याचं तेल पुढच्या तीन पानांत उतरलं. तीनही पानांवर तोच डाग, हळूहळू लहान होत गेलेला. त्या वहीतली मला आवडणारी तीच पानं.

गोंदाने मात्र फार छळलं. गोव्यात वाड्यावाड्यावर पोरं दिवाळीत नरकासुर करतात. काठ्यांचा सांगाडा, त्यावर खळ लावून थरावर थर वर्तमानपत्रं. मीही त्यातलीच, म्हणून पहिल्या वहीला मैद्याची खळ वापरली. पण नरकासुर पहाटे जळून जातो, त्याला पावसाळा बघायचा नसतो. आषाढात वहीला बुरशी आली आणि मागोमाग कसर लागली. जुने बांधणीवाले खळीत मोरचूद घालत ते कशासाठी, हे तेव्हा कळलं. मोरचूद विषारी, घरात लहान मूल, त्यामुळे तो विचार सोडला.

मग पांढरा गोंद. त्यातलं पाणी पिऊन कागद एका बाजूने फुगतो आणि पान होडीसारखं वळतं. त्यावर उपाय एवढाच की गोंद थोडा घ्यायचा, जुन्या एटीएम कार्डाने पातळ ओढायचा आणि रात्रभर वहीवर पाटा ठेवायचा. पातळ कागदाला गोंदाची कांडी बरी. दमट हवेत मासिकांची गुळगुळीत पानं समोरासमोर आली की एकमेकांना चिकटतात. ती सोडवताना एका बाईचं अर्धं तोंड समोरच्या पानावर गेलं. आता दोन पानांमध्ये बटर पेपर असतो. आणि वही फुगून मिटेनाशी होते म्हणून कोरी असतानाच दर तिसरं पान शिवणीजवळ बोटभर ठेवून कापून टाकते.

मी पणजीला बसने जाते, तिकिटं साठवलेली होती. कुर्ट श्विटर्स नावाच्या जर्मन चित्रकाराने शंभर वर्षांपूर्वी तिकिटं आणि वेष्टनं चिकटवून चित्रं केली. 'कोमेर्त्स' हा शब्द असलेल्या जाहिरातीतला 'मेर्त्स' एवढाच तुकडा एका चित्रात उरला आणि तेच त्याने आपल्या सगळ्या कामाचं नाव केलं. हे वाचून मी उत्साहाने माझी तिकिटं लावली. चार महिन्यांत सगळी कोरी. मशिनमधून येणारा कागद उष्णतेने उमटतो, त्यावर शाई नसतेच. आता तिकिटाची आधी झेरॉक्स काढते. दुकानदार बघतो एकदा माझ्याकडे, दोन रुपये घेतो.

लिहिते थोडंच, दोन ओळी. गोंद लागलेल्या जागी बॉलपेन सरकतं, गुळगुळीत कागदावर जेल पेन फरकटतं, म्हणून मजकुरासाठी एक कोपरा कोराच ठेवते.

गेल्या चवथीला पाकीट उघडलं. 19 गणपती निघाले. यांचं काय करायचं, हे मी सासूबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, वेगळ्या पानावर लाव, बाजूला दुसरं काही नको. मी वर माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळापानांची चौकट, काढली आणि खाली एकोणीसही जण ओळीने बसवले. चष्मा लावून त्या पान बघत बसल्या. हा आमच्या धाकट्या दिराच्या लग्नाचा. हा डिचोलीच्या नणंदेचा, त्या दिवशी मांडवात गुडघाभर पाणी. त्यांनी 11 ओळखले. मी प्रत्येकाखाली नाव लिहिलं, पण पेन्सिलीने, कारण त्यातल्या दोघांची लग्नं त्या दर आठवड्याला बदलतात.