आजीच्या ओव्या, एकाच फाईलमध्ये

आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहून काढायचं ठरलं तेव्हा मी अंबाजोगाईत, मावशी लातूरला, दादा पुण्यात आणि आजी केजजवळच्या खेड्यात. आधी वर्डची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली. आठवड्यात ‘फायनल’, ‘फायनल नवी’ अशा पाच फायली झाल्या, खरी कोणती तेच कळेना. मग गूगल डॉक्सवर आलो; तिथं नेटवरची एकच फाईल सगळ्यांना उघडून लिहिता येते. (२००६ साली गूगलनं राइटली हे नेटवर लिहिण्याचं साधन विकत घेतलं, त्यातून हे उभं राहिलं.)

एका रात्रीत दादानं आजीच्या ‘इहीर’ची ‘विहीर’ केली, ‘कव्हा’चं ‘केव्हा’. मला फार लागलं ते. आजी तशी बोलतच नाही, आणि ओवीची लयच मोडते! व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाईलच्या जुन्या रूपांची यादी, उघडून आदल्या दिवशीचा मजकूर परत आणला आणि दादाला फक्त कमेंटचा अ‍ॅक्सेस दिला. आता त्याची दुरुस्ती सूचना म्हणून वेगळ्या रंगात दिसते. मी आणि मावशी बोलून ती घेतो, नाहीतर सोडतो. अर्थ सांगणाऱ्या त्याच्या टिपा मात्र छान असतात.

व्हॉइस टायपिंगही करून पाहिलं. मराठी चालतं त्यात, पण आजी गायला लागली की शब्द विस्कटतात. म्हणून आधी रेकॉर्डिंग, मग ऐकत ऐकत टाइप करणं. गावी रेंज नसते. निघण्याआधी ऑफलाइनची सोय चालू करते, नेट आलं की लिहिलेलं आपोआप जुळतं.

काल बहात्तराव्या ओवीशेजारी मावशीची कमेंट आली : ‘माय ही वेगळी म्हणती. दुपारी फोन कर.’