शेकाची पिशवी: ‘अजून कडक हवी’ म्हटलं की थांबा

डिसेंबरात पुण्यात गारठा वाढला की माळ्यावरची रबरी पिशवी खाली येते. शेकाने भाजतात ते बहुधा ज्यांना चटका कळतच नाही ते लोक. जुन्या मधुमेहाने पाय बधिर झालेले, अर्धांगवायू झालेले, झोपेच्या गोळीच्या गुंगीतले.

मोठ्या धडधाकट माणसासाठी पिशवीतलं पाणी ४६ ते ५२ अंश सेल्सिअस असावं. वृद्ध आणि लहान मुलांसाठी ४१ ते ४६. तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो साधारण ४२ लाच संपतो. स्वयंपाकाचा नसेल तर मापाने मिसळा. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. थंडीत नळाचं पाणी २२ अंश धरलं तर एक भाग उकळतं आणि दोन भाग नळाचं मिळून सुमारे ४७ होतं, तीन भाग नळाचं घेतलं तर ४१. ‘निम्मं-निम्मं’ केलंत तर ६०! एवढं गरम पाणी थेट लागलं तर पाच सेकंदांत खोल भाजू शकतं.

आधी नळाचं पाणी ओता, मग उकळतं. पिशवी अर्धी ते दोन तृतीयांशच भरा, आडवी दाबून हवा काढा, बूच घट्ट लावा आणि उलटी धरून गळतेय का बघा. वॉशर कडक झाला असेल तर पिशवी टाकून द्या. वर कोरडा टॉवेल गुंडाळा; ओल्या कापडातून उष्णता झपाट्याने जाते. पिशवी अंगावर ठेवा, अंगाखाली नको.

वेळ २० ते ३० मिनिटं, दर पाच मिनिटांनी त्वचा बघायची. शेकाने रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्त उष्णता वाहून नेतं. अर्ध्या तासानंतर त्या आकसू लागतात, मग उष्णता तिथेच साचते. शिवाय त्वचेला गरमपणाची सवय होते, म्हणून आजी ‘अजून कडक हवी’ म्हणतात. तेव्हा पाणी बदलायचं नाही, त्वचा बघायची.

ताजा मुरगळा (पहिले ४८ तास), रक्तस्राव, कारण न कळलेली पोटदुखी यांवर शेक नको. बाम चोळून तर नकोच. अंगावर फेंटानिलचा (तीव्र वेदनांवरच्या औषधाचा, त्वचेवर चिकटवायचा) पॅच असेल तर उष्णतेने ते औषध जास्त शोषलं जातं, आणि त्याने श्वास मंदावू शकतो.

भाजलंच तर २० मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट नको. मधुमेह्याचा फोड वाटाण्याएवढा असला तरी डॉक्टरांना दाखवा.