टॅपेट वाजतंय

घरी गाडी खोलली की कान तिखट होतात. परवा सकाळी मारुती ८०० चं टॅपेट कव्हर काढलं, तेल गळणारं पॅकिंग बदललं, आणि हात काळे झालेच आहेत तर टॅपेटही, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (झडपा) दाबणारे भागही, सेट करून टाकले. मे महिन्यात सोलापुरात असली कामं उन्हं चढायच्या आत उरकायची. नंतर अंगणात पडलेला पाना उचलला तरी चटका बसतो. दुपारी होटगी रोडला लागलो आणि टिकटिक ऐकू आली.

ती आधीपासून होती का, देव जाणे. गॅरेजवाल्याला पैसे मोजले की आपले कानही बिलाबरोबर मिटतात. स्वतः पाना फिरवला की मात्र गाडीचा प्रत्येक श्वास संशयास्पद.

बॉनेट वर केलं की आपल्याकडे माणसं जमतातच. एकानं वॉटर पंप ठरवला, दुसऱ्यानं पेट्रोलमधली भेसळ. तिसरा नुसताच म्हणाला, "इकून टाक की बे." मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवून ऐकत होतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून टिकटिक निम्म्या तालात असेल तर भानगड वरच्या मजल्यावरची, खिसा वाचला. खालून जड ठोके येत असतील आणि चढावर वाढत असतील तर बेअरिंग, म्हणजे बायकोला आधी सांगून ठेवावं. गार असताना फटफट आणि तापल्यावर गायब, तर धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचं पॅकिंग. लोखंड फुगतं आणि फट बुजते. माझी टिकटिक निम्म्या तालातली होती, गार-गरम दोन्हीला सारखी.

म्हणजे टॅपेटच. गार इंजिनावर टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या मध्ये साधारण ०.१५ मिलिमीटरची फट ठेवायची, आणि तेवढी ठेवली की थोडं वाजणारच. ते गप्प करणं सोपं आहे, स्क्रू जरा आवळला की झालं. पण मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. शांत टॅपेटवर जुने मेकॅनिक विश्वास ठेवत नाहीत, तो यामुळेच.

ऐकण्याचं हे वेड मामांकडून आलं. ते सोलापूरच्या पूर्वभागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. सुट्टीत मी डबा घेऊन जायचो. आत सगळे माग एकदम खडखडत, बोलणं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून चालायचं. मामा दारातच थांबायचे, तंबाखू मळता मळता मान जराशी वाकडी करायचे आणि थेट कोपऱ्यातल्या एका मागाकडे चालू लागायचे. तिथं पोचले की मागाच्या लाकडावर तळवा ठेवायचे, माग बंद करायचे, धोटा फेकणारा कातडी पिकर अंगठ्यानं दाबून बघायचे. तो झिजलेला असायचा. विणकर ओशाळून हसायचा. धोटा नीट बसत नाही हे त्या बिचाऱ्याला चार हातांवरून कळलं नव्हतं. एवढ्या गोंगाटातून मामांना तो एक ठोका कसा सापडायचा, विचारलं तर म्हणायचे, "बाकीचे ऐकू नको, मग ऐकू येतं."

परवा संध्याकाळी गाडी त्यांच्या दारात नेली. "मामा, टॅपेट वाजतंय का बघा की." त्यांनी कानामागं हात धरला. मी पुन्हा ओरडलो. शेवटी मामीच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्यांना काय विचारतोस बाबा, कुकरची शिट्टी पण मलाच सांगावी लागते."

कारखान्यात त्यांच्या कानाला कुणी काही दिलं नाही. मालकानं नाही, सरकारनं नाही. धागे तुटले की सरकीच्या पुंजक्यागत कापूस उडायचा, तोच चिमटीत धरून कानात कोंबायचे, आणि तोही ठोके नीट कळत नाहीत म्हणून काढून टाकायचे.