अन्ननलिकेची अ‍ॅलर्जी आणि दिवाळीनंतरची तारीख (माझा अनुभव)

मला इओसिनोफिलिक इसोफेजायटिस आहे, म्हणजे अ‍ॅलर्जीमुळे अन्ननलिकेला येणारी सूज. हे नाव कळेपर्यंत तीन पावसाळे गेले, आणि एका काउंटरवर जे झालं त्याचा राग अजून जात नाही म्हणून लिहितोय.

पाऊस सरत आला, सोसायटीमागच्या प्लॉटवर गाजरगवत पांढरं झालं की माझा घास अडकायला लागतो. उन्हाळ्यात काही नाही. दुसऱ्या वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी पुरणपोळीचा घास छातीच्या मधोमध बसला, वरून पाणी प्यायलो तर तेही उलटून आलं, बाहेर पंगत चालू आणि मी वीस मिनिटं बेसिनपाशी लाळ थुंकत उभा. सगळे म्हणाले भरभर खातोस, अ‍ॅसिडिटी असेल. मीपण पॅन्टोप्राझोल घेत राहिलो.

पुढच्या एप्रिलमध्ये एंडोस्कोपी केली. तेव्हा त्रास नव्हता, गोळ्या चालू होत्या, आणि तुकडा घेतला तो जठराचा, अन्ननलिकेचा नाहीच. रिपोर्ट नॉर्मल.

ऑगस्ट संपता संपता परत सुरू झालं. त्याच हॉस्पिटलला गेलो तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, सर तुमची एप्रिलची नॉर्मल आहे, रिपीट अर्जंटमध्ये बसत नाही, दिवाळीनंतरची तारीख देते. म्हणलं मॅडम, दिवाळीनंतर मला काही होतच नाही, तेव्हा बघून काय दिसणार? तर म्हणे डॉक्टरांशी बोला. डॉक्टरांना भेटायचं तर नवीन केसपेपर, टोकन, अडीच तास बाकावर, आत गेलो तर असिस्टंटने जुना रिपोर्ट उलटा-सुलटा केला आणि गोळीचा डोस वाढवून दिला, तारखेचं काउंटरला विचारा म्हणाले. परत काउंटर. असे चार हेलपाटे झाले, चारही वेळा ऑफिसातून हाफ डे, आणि घरी मी वरणात भात कालवून पातळ करून खातोय. चौथ्या दिवशी मॅडमनी माझ्याकडे न बघता तीच नोव्हेंबरची तारीख लिहून दिली. तो कागद मी तिथंच काउंटरवर ठेवून आलो.

बायको मात्र पहिल्या वर्षापासून कालनिर्णयवर घास अडकला की लाल गोल करायची. ते कॅलेंडर घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली, सप्टेंबर-ऑक्टोबर लालेलाल, जानेवारी ते मे जवळजवळ कोरे, आणि पहिलाच प्रश्न विचारला, लहानपणी दमा होता का, शिंका येतात का? दोन्ही होतं. ते म्हणाले सगळ्यांनाच असं होत नाही पण काहींची सूज परागकणांच्या सीझनला वाढते, आत्ताच बघू. गोळ्या तीन आठवडे बंद ठेवायला लावल्या (मनाने बंद करू नका, या गोळ्यांनी काहींची सूज उतरते आणि मग रिपोर्ट फसवा येतो). ऑक्टोबरमध्ये दुर्बीण टाकली तर आत गोल गोल वळ्या आणि उभ्या चरा. वरून-खालून मिळून सहा तुकडे घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी दिसणाऱ्या भागात (फील्डमध्ये) 15 इओसिनोफिल, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दिसल्या तरी निदानाला पुरतात, माझ्या 40 निघाल्या. रिपोर्ट हातात घेऊन मला खरंच बरं वाटलं.

औषध म्हणजे ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचे रेस्प्यूल (पातळ औषधाच्या छोट्या कुप्या), दम्यात वाफेने घ्यायच्या नेब्युलायझरचेच, पण मधात कालवून गिळायचे. नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही, आणि मग चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. दूधही बंद करून बघितलं, मला फारसा फरक नाही पडला, काहींना पडतो.

हां, एक राहिलंच, एंडोस्कोपीच्या आधीच स्पष्ट सांगा की दिसायला नॉर्मल असलं तरी अन्ननलिकेचे तुकडे घ्या.

जानेवारीतली दुर्बीण स्वच्छ आली, पण ते औषधाने की सीझन संपल्याने हे कळत नाही म्हणून डॉक्टरांना परत सीझनमध्येच बघायचंय. यंदा जूनमध्येच जाऊन सप्टेंबरची तारीख घेतलीय, आणि बायकोने त्या तारखेला कालनिर्णयवर हिरवा गोल केलाय.